रविवारचा डाव

इस्पितळाच्या लाँड्रीमागे एक लांबट खोली होती. तिला सगळे शिलाईखोली म्हणत. त्या खोलीत ताईचं उभं आयुष्य गेलं. खरं तर ती ताई फक्त तिच्या धाकट्या भावाची. पण लहानपणी तो संध्याकाळी तिला घरी न्यायला यायचा आणि दारात उभा राहून इतक्या मोठ्याने 'ताई' अशी हाक मारायचा, की हळूहळू धुणारे, इस्त्रीवाले, नर्सा, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या बायकासुद्धा तिला ताईच म्हणायला लागल्या.

काम चादरींचं आणि डॉक्टरांच्या झग्यांचं. मधे विरलेली चादर ती उभी टरकावायची, कडेच्या धड बाजू मधे आणून जोडायची आणि विरलेल्या बाजू कडेला ढकलून दुमडून टाकायची. अशी चादर आणखी काही वर्षं तग धरायची. फक्त मधोमध एक शिवण यायची आणि पेशंट कुरकुरायचे, पाठीला टोचते म्हणून.

"टोचतंय ना? मग पाठ अजून शाबूत आहे म्हणायची," असं ती शांतपणे सांगायची आणि पुढची चादर ओढायची.

आई लवकर गेलेली. बाप लाकडी सामानाला पॉलिश करायचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे हे तिघं. धाकटा भाऊ म्हणजे वारा प्यालेलं वासरू. घरात दोन मिनिटं टिकेल तर शपथ. ताई त्याला भिंगऱ्या म्हणायची, आणि तेच नाव त्याला चिकटलं. असा हा भिंगऱ्या एका वर्षी आजारी पडला. ताप हटेना. डॉक्टरांनी सांगितलं, पोराला महिनोन् महिने अंथरुणातून उठू द्यायचं नाही. आजाराचं एक वेळ निभावलं असतं, पण या पोराला झोपवून ठेवणार कोण?

त्याच दिवसांत बाप एका बंगल्यात कपाटांना पॉलिश करायला जात होता. ती माणसं घर हलवत होती. नको असलेल्या सामानाच्या ढिगात एक पेटी पडली होती. झाकणावर आगबोट, आगगाडी आणि आकाशात एक फुगलेला बलून. 'जगाची सफर' असं नाव. तेव्हाही ती पेटी जुनीच होती, कोपरे फाटलेले, आत सरसाचा वास. बापाने विचारलं आणि ती उचलून आणली.

खेळ असा होता. पातळ लाकडावर जगाचा नकाशा चिकटवून त्याचे तुकडे कापलेले. छोटा देश असेल तर एक तुकडा, मोठ्या देशाचे चार-पाच. समुद्रसुद्धा तुकड्यांतच, आणि ते सगळे सारखेच निळे, म्हणून जास्त छळायचे. आधी सगळ्यांनी मिळून नकाशा जुळवायचा. तो जुळला की खरा खेळ सुरू. आपापली शिशाची सोंगटी घ्यायची, फासा टाकायचा आणि बंदरा-बंदरांतून, स्टेशना-स्टेशनांतून फिरत जगाला वळसा घालून परत यायचं. वाटेत वादळ लागलं तर एक डाव थांबायचं. वाळवंटात अडकलं तर दोन डाव.

भिंगऱ्याने आगबोट घेतली. ताईच्या वाट्याला बलून आला.

ताईला तो खेळ कधीच आवडला नाही. तिला फासा टाकून वाट बघत बसण्याचा कंटाळा. दिवसभर ठिगळं जोडून यायचं आणि घरी येऊन पुन्हा तुकडेच जोडायचे, हे तिला नको व्हायचं. पण खेळ चालू असेपर्यंत पोरगं अंथरुणात राहायचं, म्हणून ती खेळायची. तोही तिच्यासमोर पालथा पडून, हनुवटीखाली उशी घेऊन खेळायचा. तो हरायला लागला की उठू उठू करायचा, म्हणून ती बलून मुद्दाम वाळवंटात नेऊन बसवायची.

पोरगं बरं झालं. पेटी कपाटावर गेली.

पुढे व्हायचं तेच झालं. भिंगऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला लागला. निघायच्या आधीच बापाच्या एका अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात आणि पाय लुळा, बोलणं जड. भिंगऱ्याचं मन घुटमळत होतं. ताईनेच त्याला जायला लावलं.

"दोन वर्षं, ताई," तो म्हणाला. "दोन वर्षांत येतो. मग बाबांचं मी बघतो. तू तुझं बघ."

'तुझं' म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. लाँड्रीत एक बॉयलरवाला होता. काळासावळा, कमी बोलणारा, पण बोलला तर हसवून सोडणारा. थंडीच्या दिवसांत तो शिलाईखोलीत गरम पाण्याची बादली आणून ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, "मशीनला सर्दी होईल." एके दिवशी त्याने सरळच विचारलं. ताईने सांगितलं, भाऊ येऊ दे, मग.

बॉयलरवाला थांबला. दोन वर्षं गेली. भिंगऱ्याने कळवलं, आणखी एक फेरी. मग आणखी एक. मग कुठल्याशा दूरच्या बंदरात जहाज दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं, आणि तिथल्याच एका बाईशी लग्न केल्याचं कळलं. ती बंदरावरच्या होड्यांची तिकिटं द्यायच्या खिडकीत बसायची म्हणे. बॉयलरवाला एकदा बादली ठेवून तसाच उभा राहिला.

"आई थांबायला तयार नाही," तो म्हणाला.

"बरोबर आहे त्यांचं," ताई म्हणाली. तिने मशीनचं चाक फिरवलं. त्याच्या लग्नाला ती गेली, जेवली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर आली. त्यानंतरही थंडीत बादली येत राहिली, काही वर्षांनी त्याची बदली होईपर्यंत. त्याबद्दल ती कोणाशी चकार शब्द बोलली नाही.

बाप बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं, सगळं कामाच्या आधी आणि कामानंतर. तो गेला तेव्हा भिंगऱ्याला वेळेत निघणं जमलं नाही. फोनवर तो रडला. ताईने त्याची समजूत काढली. आपली समजूत काढायला कोणी नाही, हे तिच्या लक्षात फोन ठेवल्यावर आलं.

मग तो दर रविवारी फोन करायला लागला. पण बोलायचं काय? "जेवलीस का?" "हो. तू?" "मीपण." "पाऊस?" "नाही अजून." मग दोघंही मूग गिळून बसायची आणि तारेतला खर्र खर्र आवाज ऐकायची. एवढ्या लांबून माणूस फोन करतो आणि आपल्याकडे त्याला सांगायला चार गोष्टी नसाव्यात, याची तिला खंत वाटायची. रविवार जवळ आला की फोनवर काय सांगायचं, याची ती मनाशी जुळवाजुळव करायची.

एकदा घराला चुना काढताना ती कपाटावरची पेटी खाली आली. बोलायला काहीतरी हवं म्हणून ताईने फोनवर सांगितलं.

मग तो म्हणाला, "मांड बघू."

"काय मांडू?"

"नकाशा मांड. मला माझी बोट दे. फासा तू टाक, मी सांगतो कुठे न्यायची ते."

ताईला वाटलं, बिचाऱ्याला घराची आठवण येत असेल. परक्या मुलखात एकटा पडलाय. बायको असली तरी ती परकीच. तिने गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून नकाशा जुळवला. तासभर लागला. तोपर्यंत तो फोन ठेवून पुन्हा लावून बसला होता.

तेव्हापासून रविवारचा डाव सुरू झाला. एका रविवारी संपायचा नाही, म्हणून तिने नकाशा जुन्या टेबलावर कायमचा मांडून ठेवला आणि वरून इस्पितळातली एक जुनी चादर टाकली. जेवण ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने करायला लागली.

"माझं काय पडलं?"

"दोन."

"पुन्हा दोन? तुझं तू टाकतेस, माझंही तूच टाकतेस. न्यायाधीश तूच, वकील तूच, साक्षीदारही तूच. मग मी हरणार नाही तर काय?"

"हरतोयस कुठे? पुढे आहेस माझ्या."

आणि तो खरंच पुढे असायचा. कारण ताई त्याचं दान वाढवून सांगायची आणि आपलं कमी. बलून बिचारा तसाच वाळवंटात बसायचा. पण भिंगऱ्याही अजबच. समोर जवळचा कालवा सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायचा. पेरूला जायचं तर सैबेरियाकडून निघायचा. ताई मनात म्हणायची, जन्म जहाजात आणि जहाजांच्या संगतीत गेला, तरी भूगोल कच्चाच राहिला पोराचा.

मागून तिची निवृत्ती झाली. शिलाईखोलीतल्या बायकांनी तिला छत्री दिली. सहलीला चला, सकाळच्या फिरायच्या गटात या, असं शेजारणी म्हणायच्या. पण बहुतेक गोष्टी रविवारी असायच्या, आणि रविवारी ताई घर सोडायची नाही. हळूहळू त्यांनी विचारणं सोडून दिलं. आठवड्यातले सहा दिवस ती गप्प असायची. शनिवारी दुकानात काही मागायला तोंड उघडलं की घसा खाकरावा लागायचा.

असे बरेच डाव झाले. मग एका रविवारी फोन वाजला. ताईने चादर काढून ठेवली होती. पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"ताई, मी बोलतो."

ताईला काही उमजेना. आवाज बाईचा, पण म्हणत होती 'बोलतो'.

"मी. त्याची बायको. ताई, तो गेला. सकाळी. चहा पिला, बूट घातला, आणि खाली बसला. मी धावलो. पण गेला."

भावजय मराठी कोणाकडून शिकली असेल तर ती फक्त नवऱ्याकडून, आणि तीही बरीचशी रविवारी फोनजवळ बसून, त्याचं अर्धं बोलणं ऐकून. तो म्हणायचा मी येतो, मी सांगतो, मी जेवलो. तीही तेच म्हणायची. शब्द त्याचे, ठेका त्याचा, 'ताई' म्हणताना शेवटी जरा लांबवायची सवयही त्याचीच. ताईने टेबलाकडे पाहिलं. नकाशावर आगबोट कुठल्याशा बेटापाशी थांबलेली होती.

त्यानंतर भावजय अधूनमधून फोन करायची. एकदा तिने धीर करून म्हटलं, "ताई, खेळायचं? मला नियम सांग. तो बोलायचा, ताई एकटी आहे, तिला खेळ पाहिजे. रविवारी आम्ही कुठे नाही गेलो. मी बोलायचो, चल बाहेर. तो बोलायचा, नाही, ताईचा खेळ. मला कंटाळा येतो, पण तिला दुसरं कोण आहे?"

ताई म्हणाली, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इतकी वर्षं हा आपली कीव करत होता? तिने गुडघे मोडून बसायचं, टेबल अडवून ठेवायचं, उभ्याने जेवायचं, आणि त्याला कंटाळा? ती रागारागाने घरभर फिरली. नकाशाचे तुकडे भसाभसा पेटीत कोंबले. पुढे बरेच दिवस फोन वाजला तरी तिने उचलला नाही.

राग उतरायला वेळ लागला. भांडी घासताना, जिना उतरताना तिच्या मनात एकच विचार पुन्हा पुन्हा यायचा. कंटाळा तर मलाही होता. मग मी कशाला खेळत होते? आणि त्या आफ्रिकेच्या वळशांचा अर्थ तिला तेव्हा लागला. तिने फासा वाढवून सांगायचा आणि त्याने लांबची वाट धरायची. दोघंही एकमेकांना जिंकू द्यायला धडपडत होती, आणि डाव संपता संपत नव्हता. तिला हसू आलं. बाजूला कोणीतरी असतं तर सांगून हसली असती. एकटीने हसणं लवकर विरून गेलं.

पुढचा फोन तिने घेतला. भावजय म्हणाली, "ताई, मी येतो. त्याचं घर बघायचं आहे."

ती आली. थोराड हाडाची, पिकल्या केसांची बाई, हातात एकच बॅग. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबून भिंतीवर तळहात ठेवत होती. दारात ताईला बघून म्हणाली, "मी आलो."

समोरच्या दारातली शेजारीण फिसकन हसली. ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की ती मुकाट आत गेली. ताईच्या मनात एकदा आलं, हिला सांगावं, बाई 'आले' म्हणते. पण तिने सांगितलं नाही. त्या घरात किती वर्षांनी कोणी 'मी आलो' म्हणत होतं.

भावजय चार दिवस राहिली. पहिला दिवस घर बघण्यात गेला. तो कुठे झोपायचा, कुठून उडी मारून सायकलवाल्याच्या पुढच्या छपरावर उतरायचा, सगळं ती हात लावून बघायची. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ताईने जे कधी कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तो का आला नाही? एकदाही?"

भावजयीने कप खाली ठेवला. शब्द शोधायला तिला वेळ लागला.

"तो बोलायचा, ताईने माझ्यामुळे लग्न नाही केलं. एक माणूस होता. गरम पाणीवाला. तो बोलायचा, मी येतो बोललो आणि नाही आलो. मग लाज. मग उशीर झाला. मग आणखी लाज."

ताईने चहाचे कप उचलले.

"एकदा यायचं होतं," ती म्हणाली. "मी चार शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. त्यात काय होतं एवढं?"

"मीपण हेच बोललो त्याला," भावजय म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने खेळ बघायला मागितला. ताईने नाइलाजाने पेटी काढली. पण गंमत अशी, की या बाईला तो खेळ मनापासून आवडला. ती टेबलावर कोपरं टेकून लहान मुलीसारखी तुकडे लावत बसली. निळे तुकडे तर तिने चुटकीसरशी लावले. समुद्राच्या रंगात कुठे गडद, कुठे फिका असा फरक आहे, हे ताईला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. फासा कोणी मागितला नाही. सोंगट्या पेटीतच राहिल्या. दुपार कधी टळली ते कळलं नाही.

नकाशा पुरा झाल्यावर भावजयीने विचारलं, "हे गाव कुठे?"

"एवढं लहान गाव कशाला दाखवतील?" ताई म्हणाली. मग तिने एका तुकड्याच्या कडेशी नख टेकवलं. "इथे असेल."

भावजयीने पलीकडे, पार दुसऱ्या टोकाला, नुसत्या निळ्यावर बोट ठेवलं. "मी इथला. पाणी दिसतं. पण इथे बेट आहे. माझी बहीण आहे तिथे. मी आता तिकडे राहणार."

"एकटी आहे का बहीण?"

"नाही. खूप पोरं, नातवंडं. खूप आवाज."

"बरं आहे मग," ताई म्हणाली.

निघताना ताईने पेटी दोरीने बांधून तिच्या हातात दिली. भावजय नको नको म्हणाली, पण तिचे हात पेटीवरून निघेनात. ताई म्हणाली, "घेऊन जा. तिकडे पोरं आहेत. मला नाही आवडत तो खेळ. कधीच आवडला नाही." भावजय आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

खाली टॅक्सी उभी होती. "जातो, ताई," ती म्हणाली.

"जातो म्हणू नये. येतो म्हण."

"येतो."

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत ताई उभी राहिली. वर आली तर चार दिवसांत सवय झालेले आवाज गेले होते. दोन कप होते. तिने दोन्ही विसळले आणि एक आतल्या फळीवर ठेवला. रात्री जेवण तिने टेबलावर बसून केलं. टेबल मोकळं झालं होतं, पण तिला ते फार रुंद वाटलं.

बेटावर फोन नीट लागत नसे. सुरुवातीला महिन्यातून एकदा लागला. मागे पोरांचा गलका, त्यात भावजयीचं बोलणं अर्धंमुर्धं कळायचं. मराठीही ती विसरायला लागली होती, ऐकवणारा कोणी उरला नव्हता ना. एकदा ती नुसतं "ताई, ताई" म्हणाली आणि फोन तुटला. मग फोन यायचे थांबले. ताईने दोनदा लावून पाहिला. पलीकडे एका लहान मुलीने उचलला, काहीतरी विचारलं, आणि उत्तर न कळल्यामुळे ठेवून दिला.

आता रविवार मोकळा होता. रविवारी माणसं कुठे जातात, हे ताईला ठाऊक नव्हतं. शेजारणींचा फिरायचा गट केव्हाच मोडला होता. दोघी मुलांकडे गेल्या होत्या, एक गेलीच. एका रविवारी सकाळी ती छत्री घेऊन खाली उतरली आणि कोपऱ्यावर आली ती पहिली बस तिने पकडली.

"कुठलं देऊ?" कंडक्टरने विचारलं.

"शेवटचं."

शेवटच्या थांब्यावर एक चहाची टपरी, एक बंद कारखाना आणि कुत्री होती. सगळे उतरले. ताई जागेवरच बसून राहिली. कंडक्टर चहा घेऊन आला तेव्हा ती तिथेच.

"आजी, उतरायचं नाही का?"

"नाही. याच बसने परत जायचंय."

"कोणाकडे आला होतात का?"

"कोणाकडे नाही," ताई म्हणाली. "बस कुठे जाते ते बघायला आले."

कंडक्टरला वाटलं चेष्टा आहे. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि न विचारता आणखी एक चहा आणून दिला. बस सुटायला वेळ होता. ताईने पदराने काच पुसली आणि चहा संपेपर्यंत त्या बंद कारखान्याकडे बघत बसली.